ताशी चार किलोमीटर

टी-72 या रणगाड्याला पुढे जायला सात गिअर आहेत आणि मागे यायला एकच. त्या एका गिअरमध्ये एक्सलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी ताशी चार किलोमीटरच्या आसपासच सरकते. शेजारून चालणारा माणूस तिला सहज मागे टाकतो. मी आर्मर्ड कोअरमध्ये ड्रायव्हर म्हणून लागलो आणि नोकरीची शेवटची वर्षं नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ड्रायव्हिंग-मेंटेनन्सचा उस्ताद होतो. नव्या पोरांपैकी कुणीतरी दर कोर्सला विचारायचंच, "उस्ताद, रिव्हर्स इतका हळू का?" उत्तर ठरलेलं होतं आणि ते खरंही होतं. ही गाडी सोव्हिएत संघाने युरोपच्या मैदानांत पुढे मुसंडी मारायला घडवली. ठेंगणी, 41 टनांची, आत माणसं तीनच. समोरचं चिलखत भरभक्कम, बाकी सगळीकडे हात आखडता. शत्रू समोर असणार, हे धरूनच तिची सगळी रचना झाली. अडचण आलीच तर ड्रायव्हरने एक बटण दाबायचं. तापलेल्या एक्झॉस्टमध्ये डिझेल फवारलं जातं, पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहतो आणि त्या पडद्याआड जागा बदलायची.

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा मी निवृत्त होऊन नगरजवळच्या भिंगारला राहत होतो. त्या युद्धात दोन्ही बाजूंना आमच्याच टी-72 च्या घराण्यातल्या गाड्या. त्या लढाईच्या चित्रफिती मी तेव्हापासून बघत आलोय. बघवत नाहीत, पण सोडवतही नाहीत. बाकीचे लोक तोफ बघतात, स्फोट बघतात. माझी नजर जाते ती ड्रायव्हरच्या हॅचवर. टी-72 मध्ये ड्रायव्हर मधोमध, तोफेच्या नळीखाली बसतो. नळी नेमकी आडवी आली असेल तर त्याला बाहेर पडायला जागा उरत नाही. कमांडर आणि गनर वरून उडी मारू शकतात, ड्रायव्हरला तोफ सरकायची वाट बघावी लागते. त्या सीटवर ज्याने उन्हाळे काढलेत त्याला ती चित्रफीत कुठल्या बाजूची आहे याने फारसा फरक पडत नाही. आत बसलेलं पोर वीस-बावीस वर्षांचं असतं, एवढंच दिसतं.

त्यातल्या कितीतरी चित्रफितींचा क्रम सारखाच असतो. रणगाडा सुरुंगावर जातो, ट्रॅक तुटतो, गाडी उभी राहते. आमच्या काळात ट्रॅक तुटणं ही दमवणारी गोष्ट होती, मारणारी नव्हती. काय करायचं ते हातांना पाठ असायचं. पुढच्या आयडलर चाकाचा ताण क्रँकने सैल करायचा, निकामी झालेल्या कड्या काढून टाकायच्या, तुटलेल्या टोकाला तारेचा दोर बांधून तो मागच्या स्प्रॉकेटवर गुंडाळायचा आणि इंजिनच्याच जोराने ट्रॅक चाकांवरून ओढून घ्यायचा. मग दोन टोकं जुळवायची. एकाने पहारीने कडी उचलून धरायची, दुसऱ्याने पिन लावायची, तिसऱ्याने घण घालायचा. पिन वाकडी गेली की पुन्हा काढायची. राजस्थानातल्या रेंजवर दुपारी हे काम करताना ट्रॅकला उघडा हात लावता येत नसे, फडकं गुंडाळूनच धरावं लागे. तिघं जण तास-दीड तास उघड्यावर, गाडीच्या बाहेर.

तो तास-दीड तास आता कुणी देत नाही. ट्रॅक तुटल्यावर काही मिनिटांत हल्ल्याचा ड्रोन येतो. टेहळणीचा ड्रोन वर घिरट्या घालत बघत असतोच. क्रू उतरून पळाला असेल आणि झाकण उघडं राहिलं असेल, तर उघड्या हॅचमधून आत बॉम्ब टाकतात. रिकव्हरी गाडी ओढायला आली, तर तिच्यावर तिसरा. गाडीचं नुकसान खरं तर दुरुस्त होण्याजोगं असतं. चार कड्या बदलल्या की ती पुन्हा लढली असती. पण ती ओढून आणता येत नाही, म्हणून जाते. रणगाड्यांच्या युद्धातला हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो आणि याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. रणगाड्याची फौज टिकते ती दुरुस्तीवर. ज्याची वर्कशॉप रात्रीत गाड्या उभ्या करते तो सकाळी पुन्हा मैदानात दिसतो. स्वस्त ड्रोनने नेमका तिथे घाव घातला आहे.

स्वस्त म्हणजे किती? युक्रेनमध्ये वापरतात तो एफपीव्ही ड्रोन चारशे-पाचशे डॉलरमध्ये उभा राहतो, आपल्या हिशेबाने चाळीस हजारांच्या आसपास. चार मोटरी, एक बॅटरी, पुढे कॅमेरा, आणि पोटाशी पट्ट्यांनी आवळून बांधलेला आरपीजी-7 चा गोळा. चालवणारा काही किलोमीटर मागे एखाद्या तळघरात डोळ्यांवर गॉगल चढवून बसलेला असतो आणि ड्रोनच्या डोळ्यांनी बघत तो ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने हवा तिथे आदळवतो. आरपीजीचा साधा गोळासुद्धा 25 सेंटिमीटरहून जास्त पोलाद भेदतो. टी-72 चं छत मोजक्या सेंटिमीटरचं. पूर्वी हाच गोळा खांद्यावरून मारणारा माणूस शेकडो मीटरच्या आत यावा लागे आणि त्याला समोरचं किंवा बाजूचं चिलखत मिळे. आता ड्रोन चालवणारा इंजिन डेकची जाळी निवडतो, टरेट म्हणजे तोफेचा फिरता घुमट आणि हल म्हणजे गाडीचं धड यांच्यामधली फट निवडतो.

आणि आत काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे. टरेटच्या खाली, हलच्या तळाशी तोफ आपोआप भरणाऱ्या ऑटोलोडरचं गोल चक्र असतं. त्यात 22 गोळे आणि ते उडवणाऱ्या दारूचे चार्ज. चार्जचं आवरण जळून जाणारं असतं, मागे फक्त धातूचं बूड उरतं. उरलेला दारूगोळा जागा मिळेल तिथे, क्रूच्या पाठीशी, बाजूला. ठिणगी चार्जपर्यंत पोहोचली की सगळं एकदम पेटतं आणि टरेट उखडून पडतं. युक्रेनमधल्या काही क्रूंनी चक्राबाहेरचा दारूगोळा बरोबर नेणंच सोडलं, फक्त 22 गोळ्यांवर लढायला जायचं. शहाणपणाचा निर्णय आहे. मी तिथे असतो तर तेच केलं असतं.

रणगाड्याच्या छतावर मारा करायची कल्पना नवी नाही. 1994 च्या अखेरीस ग्रोझ्नी शहरात चेचेन लढवय्यांनी वरच्या मजल्यांवरून रशियन गाड्यांच्या छतांवर आरपीजी मारले. त्याच्याही आधी, डिसेंबर 1971 मध्ये लोंगेवालात, जैसलमेरहून उडालेल्या आपल्या हंटर विमानांनी पाकिस्तानचे रणगाडे वाळवंटात उघड्यावर गाठले. वाळूवर ट्रॅकचे पट्टे उमटलेले होते, वैमानिकांना वरून सगळं दिसत होतं. आणि स्वस्त हत्याराने महाग रणगाडा मारायची गोष्ट तर आपल्याकडे प्रत्येक सैनिकाला पाठ आहे. सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पॅटनसमोर उभं राहून ही गोष्ट मी पाहुण्यांना पुष्कळदा सांगितली आहे. 1973 च्या ऑक्टोबरात सिनाईत इजिप्तच्या पायदळाने सॅगर क्षेपणास्त्रांनी इस्रायलचे रणगाडे मारले, तेव्हाही जगभर लिहून आलं की रणगाड्याचे दिवस भरले. इस्रायलने तोफखाना आणि पायदळ पुन्हा रणगाड्यांबरोबर जोडलं आणि रणगाडा पुढची पन्नास वर्षं राहिला.

म्हणून सुरुवातीला मीही जुन्या सहकाऱ्यांना म्हणायचो, हेही तसंच. पण फरक आहे आणि तो मला एका लग्नात उमगला.

राहुरीजवळ नात्यातलं लग्न होतं. शूटिंगला ड्रोन आणला होता. आता आपल्याकडे ड्रोनशिवाय वरात निघत नाही. दुपारी जेवणं झाल्यावर ड्रोनवाला पोरगा मोकळा बसला होता. मी त्याला म्हटलं, माझं एक काम कर. भाच्याला ट्रॅक्टर घेऊन कालव्याच्या रस्त्याने पाठवलं आणि सांगितलं, तुला वाटेल तिथे दड. आणि पोराला सांगितलं, शोध. स्क्रीनवर मी वाकून बघत होतो. ट्रॅक्टर उसाच्या दोन फडांमधल्या वाटेने गेला, बांधावरच्या चिंचेखाली शिरला आणि भाच्याने इंजिन बंद केलं. वरून फक्त चिंच दिसत होती. पोराने ड्रोन वर घेतला, एक नजर टाकली आणि सरळ चिंचेवर आणून थांबवला. म्हटलं, कसं कळलं रे? म्हणाला, "काका, झाडाखाली गेला तरी धूळ सांगते ना. आणि चाकाच्या खुणा झाडाशी येऊन संपल्यात बघा." बॅटरी संपत आली तसा त्याने ड्रोन परत आणला, दुसरी बॅटरी घातली आणि पुन्हा चिंचेवर नेऊन उभा केला.

ती बॅटरी बदलणं मी विसरू शकत नाही. लोंगेवालाच्या हंटरला परत जावं लागे. इंधन संपे, अंधार पडे. ज्यांच्यावर हल्ला व्हायचा त्यांना विमानं गेल्यावर श्वास घ्यायला, गाड्या झाकायला वेळ मिळे. आमचं लपणंच मुळी त्या मधल्या वेळेवर उभं होतं. हार्बरमध्ये, म्हणजे मुक्कामाच्या जागी, गाड्या झाडीत घालायच्या, कॅमोफ्लाज जाळी टाकायची, ट्रॅकच्या खुणा फांद्यांनी पुसायच्या, इंधन-दारूगोळा भरायचा, दोघांनी झोपायचं, एकाने जागायचं. चाळीस हजारांच्या ड्रोनने तो मधला वेळ काढून घेतला. एक परत गेला की दुसरा येतो. रात्री थर्मल कॅमेरावाला येतो. 2023 च्या डिसेंबरात युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी पुढच्या वर्षात 10 लाख ड्रोन बनवण्याचं लक्ष्य जाहीर केलं. त्या आकड्याचा अर्थ मला त्या चिंचेखाली कळला. 2020 च्या शरद ऋतूत नागोर्नो-काराबाखच्या 44 दिवसांच्या युद्धात अझरबैजानने तुर्कस्तानच्या बायरक्तार ड्रोनने आर्मेनियाचे टी-72 मारले, तेव्हा तो एकेक ड्रोन काही दशलक्ष डॉलरचा होता. आता ती नजर पायदळाच्या पथकाच्या पाठपिशवीत मावते.

थर्मलवरून आठवलं. टी-72 ला वेगळा जनरेटर नाही. रेडिओ, साइट, टरेटची वीज, सगळं बॅटरीवर, आणि बॅटरी भरायची तर मुख्य इंजिन चालू करावं लागतं. बारा सिलिंडरचं इंजिन, एक्झॉस्ट डावीकडे. रात्री पहाऱ्यावर उभ्या गाडीचं इंजिन अधूनमधून फिरवायचं हा आमचा नेम होता. आज थर्मल कॅमेऱ्यात ती गाडी काळ्या शेतात पेटलेल्या भट्टीसारखी दिसेल. लपून बसलेल्या रणगाड्याला उघडं पाडतो तो त्याचाच उष्मा.

आवाजाचंही तसंच. पायदळाचा जवान ड्रोनची गुणगुण ऐकतो, आडोसा घेतो, कधी बंदुकीने पाडतोही. आतल्या तिघांना काही ऐकू येत नाही. इंजिन, ट्रॅकचा खडखडाट, कानावर हेडसेट. पेरिस्कोपमधून समोरची पट्टी दिसते, वरचं काहीच नाही. कमांडरच्या कपोल्यावर, म्हणजे हॅचभोवतीच्या छोट्या घुमटावर, 12.7 मिलिमीटरची मशीनगन असते, ती हेलिकॉप्टरसाठी दिलेली. पण टी-72 मध्ये ती चालवायची तर हॅच उघडून कमरेपर्यंत बाहेर यावं लागतं, म्हणजे ज्याच्यापासून वाचायचं त्याच्याच पुढ्यात.

मग लोकांनी जमेल ते केलं. रशियन गाड्यांच्या टरेटवर लोखंडी गजांचे पिंजरे 2021 च्या अखेरीसच दिसू लागले होते. तेव्हा त्यांची जगभर टिंगल झाली, मला ती मुळीच पटली नाही. ज्याच्या डोक्यावर छत पातळ आहे तो हाताला लागेल ते वर बांधणारच. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने ड्रोनमधून मेर्काव्हा रणगाड्यावर बॉम्ब टाकला आणि इस्रायलसारख्या देशानेही आपल्या गाड्यांवर तशीच छपरं बसवली. 2024 च्या एप्रिलमध्ये रशियाने क्रास्नोहोरिव्हकाजवळ चारही बाजूंनी पत्रे ठोकलेले रणगाडे काढले. कासवासारखे. त्यांचं टरेट वळत नाही, ड्रायव्हरला धड दिसत नाही, पण पाच-सात ड्रोन खाऊन ते पुढे जातात आणि मागच्यांना सुरुंगांतून वाट करून देतात. मग जॅमर आले. ड्रोनचा रेडिओ तोडायचा. 2024 पासून त्यावर उतारा आला, फायबर ऑप्टिकचा ड्रोन. तो मागे केसाएवढी काचेची तार सोडत दहा-वीस किलोमीटर जातो. रेडिओच नाही तर जॅमर तोडणार काय?

अमेरिकेने युक्रेनला 31 अब्राम्स रणगाडे दिले होते. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनीच सांगितलं की ड्रोनच्या धोक्यामुळे ते आघाडीवरून मागे घेतलेत. रशियाचं पायदळ काही ठिकाणी मोटरसायकलवरून हल्ल्याला जाऊ लागलं. जर्मन लेपर्ड रणगाड्याचं कौतुक युक्रेनच्या क्रूंनी ज्या गोष्टींसाठी केलं त्यात एक होती ती म्हणजे ताशी तीस किलोमीटरने मागे येता येणं. मारून पटकन आडोशाला परतता येतं. टी-72 वाल्याला गाडी वळवावी लागते आणि वळताना पातळ पाठ दाखवावी लागते.

इतकं सगळं असूनही रणगाडा संपला असं मी म्हणत नाही, आणि हे केवळ जुन्या प्रेमापोटी नाही. लंडनच्या रुसी या संरक्षण-अभ्यास संस्थेच्या फेब्रुवारी 2025 च्या अहवालानुसार युक्रेनचे 60 ते 80 टक्के एफपीव्ही लक्ष्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याच अहवालात हेही आहे, की रशियाच्या नुकसान झालेल्या आणि नष्ट झालेल्या सामग्रीपैकी 60 ते 70 टक्के ड्रोनमुळे गेली. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची. ड्रोन बहुतेक वेळा चुकतो, पण तो इतका स्वस्त आहे की चुकणं परवडतं. रणगाडा फुटतो तोही बहुधा एका ड्रोनने नाही, अनेकांनी. आणि गाडीतून उतरून चालत निघालेल्या माणसाला तर एकच पुरतो. 6 ऑगस्ट 2024 रोजी युक्रेनने कुर्स्कमध्ये मुसंडी मारली ती चिलखती गाड्या घेऊनच. आधी गुप्तता पाळली, रशियन ड्रोनच्या नजरा आंधळ्या केल्या, मग गाड्या आत घातल्या. वरचा डोळा बंद करून मग निघालेला रणगाडा आजही कामाचा आहे. नुसता पुढे सोडलेला रणगाडा म्हणजे आतल्या तीन पोरांना मरायला पाठवणं आहे.

आपल्यासाठी हा विषय परदेशचा राहिलेला नाही. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी एका रात्रीत पाकिस्तानने 36 ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन पाठवले, असं आपल्या सरकारनेच सांगितलं. त्यातले कितीतरी पाडायला जुन्या एल-70 आणि शिल्का या विमानविरोधी तोफा कामी आल्या, ज्या मोडीत काढायच्या गोष्टी बरीच वर्षं चालल्या होत्या. 26 जुलै 2025 ला लष्करप्रमुखांनी पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन पलटणी उभारत असल्याचं जाहीर केलं. आपल्या नागपुरात नागास्त्र-1 बनतं, पाठीवर वाहून न्यायचं, घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारं हत्यार. 480 ची ऑर्डर होती, पहिली खेप 2024 च्या जूनमध्ये लष्कराला मिळाली. मारणारा हात आपल्याकडे तयार होतो आहे, याचा मला आनंद आहे.

पण रणगाड्याच्या आत बसणाऱ्याचं काय? आपल्याकडे टी-72 आणि टी-90 हजारोंच्या संख्येने आहेत, आणि नवी गाडी येईपर्यंत आपली पोरं त्यांतच बसणार आहेत. माझं मत विचाराल तर पिंजरा शेवटी बांधा. आधी प्रत्येक ट्रूपला, म्हणजे रणगाड्यांच्या छोट्या तुकडीला, त्याचा स्वतःचा ड्रोन आणि तो चालवणारा माणूस द्या, म्हणजे पुढच्या वळणापलीकडचं त्यालाच आधी दिसेल. इंजिन न फिरवता वीज देणारा छोटा जनरेटर द्या. ट्रॅक बदलायचा सराव अंधारात, वर जाळी ताणून, निम्म्या वेळात करून घ्या. रिकव्हरी गाडीला जॅमर द्या, रणगाड्याच्या आधी द्या.

आणि नगर, पुणे, सांगली, नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ड्रोन बनवणाऱ्या मुलामुलींना माझं एक सांगणं आहे. युक्रेनमध्ये सैनिक खिशात एक छोटी डबी ठेवतात. ड्रोनचा रेडिओ जवळ आला की ती वाजते. त्सुकोरोक म्हणतात तिला. फायबरच्या ड्रोनला ती फसते, पण बाकीच्यांपासून तिने कितीतरी जीव वाचवले आहेत. तशी एक डबी आपल्या रणगाड्यासाठी बनवा, जी अँटेना बाहेर ठेवेल आणि इशारा थेट हेडसेटमध्ये देईल. वाळवंटातल्या उन्हाळ्यात आतलं तापमान 50 अंशांच्या वर जातं, त्यात ती टिकली पाहिजे. ट्रॅकचा हादरा तिने सोसला पाहिजे आणि हातमोजा घालून तिचं बटण दाबता आलं पाहिजे. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये बसेल एवढंच हे काम आहे. माझ्यासारखे निवृत्त टँकवाले भिंगारमध्ये गल्लोगल्ली आहेत. या, आम्हाला विचारा, गाडीत आत कुठे किती जागा आहे ते आम्ही दाखवू.